बाळाची पहिली शी किती वाजता झाली? आतड्याचा जन्मजात आजार वयानुसार कसा ओळखायचा

माझ्या मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर जन्माचं वजन आहे, डोक्याचा घेर आहे, पोलिओच्या डोसची नोंद आहे, मला दिलेल्या गोळ्यांची नावं आहेत. 'पहिली शी' या शब्दांपुढचा रकाना मात्र कोरा आहे. मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. कार्डाच्या घड्या फाटायला आल्यात, तरी मी ते जपून ठेवलंय.

माझं सासर कागलचं, माहेर राधानगरी तालुक्यातलं. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी गेले होते. पोराला पहिली शी झाली ती तिसऱ्या दिवशी. तीही आजीने विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावला तेव्हा. वारा सुटला, भसकन शी झाली, पोट मऊ पडलं आणि घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. पुढची दोन वर्षं हेच चाललं. चार दिवस पोट गच्च, मग काहीतरी लावायचं, मग भसकन शी. दोन वर्षं दोन महिन्यांचा असताना एका बालशल्यचिकित्सकांनी त्याला टेबलावर झोपवलं, पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "कधीपासून?" मी म्हणाले, "जन्मल्यापासनंच." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्या तीन दिवसांचं सगळं तपशिलात विचारलं. तोवर कुणीच ते विचारलं नव्हतं, आणि मलाही ते सांगायचं असतं हे ठाऊक नव्हतं.

आजाराचं नाव हिर्शस्प्रंग. पुढे जे लिहिलंय त्यात हा 'कधीपासून' पुन्हा पुन्हा येईल, कारण लक्षणं वयाप्रमाणे बदलत जातात पण सुरुवात बदलत नाही.

आधी आत काय बिघडलेलं असतं ते

खाल्लेलं अन्न आतड्यातून पुढे सरकतं ते आतड्याच्या लाटांनी. ही लाट चालवणाऱ्या मज्जापेशी आतड्याच्या भिंतीतच असतात. त्यांना गँग्लिऑन पेशी म्हणतात. गर्भारपणाच्या साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यात या पेशी वरून खाली, म्हणजे तोंडाच्या बाजूने गुदद्वाराकडे, पसरत जातात. आपल्याकडे पाटाचं पाणी जसं हेडपासून टेलपर्यंत जातं तसंच. पाणी मध्येच संपलं तर कोरडं राहतं ते टेलचंच रान. म्हणून या आजारात गुदाशय, आतड्याचं अगदी शेवटचं टोक, कायम सापडतं. वर किती भाग कोरडा राहिला ते प्रत्येक बाळात वेगळं. शंभरातल्या सुमारे ऐंशी बाळांत तो गुदाशय आणि त्याच्या लगतच्या वळणापुरताच असतो. थोड्या बाळांत अख्खं मोठं आतडं कोरडं निघतं.

पेशी नसलेला भाग सैल पडूच शकत नाही, आवळलेल्या मुठीसारखा राहतो. वरचं आतडं ढकलून ढकलून फुगतं. म्हणजे एक्स-रेत भलंमोठं फुगलेलं दिसतं ते मुळात चांगलं आतडं असतं, आणि बारीक, साधं दिसणारं टोक आजारी. कोपनहेगनच्या हॅराल्ड हिर्शस्प्रंग यांनी 1886 मध्ये बर्लिनच्या सभेत अशी दोन बाळं मांडली, तेव्हा त्यांनाही फुगलेला भागच आजारी वाटला होता. ऑर्वर स्वेन्सन यांनी 1948 साली बारीक भाग काढून चांगलं आतडं खाली आणण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली, तिथून ही मुलं खऱ्या अर्थाने बरी होऊ लागली.

साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. मुलग्यांत मुलींच्या सुमारे चौपट. पण मोठ्या लांबीचा आजार मुलींतही बराच दिसतो, तेव्हा 'मुलगी आहे म्हणजे नसेल' असं धरू नका.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती ऐकायला मला फार उशीर झाला. हे आईच्या खाण्याने होत नाही. ग्रहणात विळी हातात धरल्याने होत नाही, पपईने होत नाही, सातव्या महिन्यात प्रवास केल्याने तर नाहीच नाही. पेशींची वाटचाल अडली तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं.

पहिले दोन दिवस

बाळाची पहिली शी काळसर हिरवी, डांबरासारखी चिकट असते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांत शंभरातल्या पंच्याण्णवहून जास्त जणांना ती 24 तासांच्या आत होते, आणि 48 तासांत जवळपास सगळ्यांना. नऊ महिने पूर्ण होऊन जन्मलेल्या बाळाला 24 तासांत शी झाली नाही, तर ड्यूटीवरच्या नर्सला आणि बालरोगतज्ज्ञांना तसं शब्दांत सांगा. 48 तास झाले आणि काहीच नाही, तर तपासणी झाल्याशिवाय घरी जायचं नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना उशीर होतो आणि बहुतेक वेळा तो अपरिपक्वतेचाच असतो. त्यांचं गणित डॉक्टरांवर सोडा.

अडचण अशी की नॉर्मल बाळंतपण असेल तर दुसऱ्या दिवशीच घरी सोडतात. मोजायची वेळ आणि सोडायची वेळ एकच येते. म्हणून बाळंतिणीजवळ जी कुणी बसलेली असेल, आई, सासू, जाऊ, तिने हे काम अंगावर घ्यावं. शी झाली की घड्याळ बघायचं आणि जन्माची वेळ जिथे लिहिलीय तिथेच पेनाने लिहून ठेवायचं. काही लावून झाली असेल तर तेही लिहायचं. 'तिसऱ्या दिवशी, देठ लावल्यावर' आणि 'पहिल्या रात्री, आपोआप' या दोन नोंदींत फार मोठा फरक आहे.

उलटी बघा. फाटल्या दुधासारखी पांढरी उलटी बहुतेक वेळा साधी असते. मेथीचा पाला वाटून काढलेल्या रसासारखी हिरवी उलटी नवजात बाळाला झाली, तर ती तातडीची गोष्ट आहे, शी झालेली असो वा नसो. आतड्याला पीळ पडला तरी अशीच उलटी होते, आणि पिळात तास मोजायला वेळ नसतो. घरी असाल तर 108 ला फोन करा. उलटी पुसलेला पांढरा कपडा धुऊ नका, सोबत न्या. रंग सांगण्यापेक्षा दाखवलेला बरा.

पोट बघा. अंगावर पिऊन झाल्यावर बाळाचं पोट थोडं वर येतंच, पण तासाभरात उतरतं. न उतरणारं, वरून तुकतुकीत दिसणारं, बोटाने टिचकी मारली तर नगाऱ्यासारखं वाजणारं पोट वेगळं. अशी बाळं पुढे पुढे दूधही ओढेनाशी होतात.

आणि गुदद्वार जागेवर आहे ना, हे एकदा उजेडात बघून घ्या. ते जन्मतःच नसणं किंवा भलत्या ठिकाणी बारीक छिद्र असणं हा वेगळा आजार, पण शी न होण्याचं तेही एक कारण असतं आणि ते नजरेनेच कळतं.

पहिल्या दिवशीच शी झाली म्हणजे आजार नाहीच, असं मात्र नाही. काही बाळांना आजार असूनही वेळेत शी होते. म्हणून पुढचं वाचा.

घरी आल्यापासून साडेतीन महिन्यांपर्यंत

हा काळ फसवा असतो. आईचं दूध शी मऊ ठेवतं, आणि मऊ शी आवळलेल्या भागातूनही कशीबशी निघते. त्यात अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाला महिन्या-दीड महिन्यानंतर पाच-सात दिवस शी न होणं ही साधी गोष्ट असते, हे आशाताईही सांगतात आणि खरंच सांगतात. मग फरक कसा ओळखायचा?

निरोगी बाळ त्या पाच-सात दिवसांत खुशीत असतं. पोट मऊ असतं, वारा सरतो, दूध नीट पितं, वजन वाढतं आणि शी होते तेव्हा ती आपोआप, मलमासारखी होते. आजारी बाळात या साखळीतली एखादी कडी तुटलेली असतेच. पोट दिवसागणिक वाढतं, पिता पिता बाळ तोंड बाजूला करतं, वारा अडकतो आणि काहीतरी लावल्याशिवाय शी येत नाही. लावलं की मात्र वाऱ्यासकट पिचकारी उडते. या पिचकारीला डॉक्टर फार महत्त्व देतात. गुदाशयात बोट घालून तपासलं की आत रिकामं लागतं आणि बोट काढताच वारा व शी जोरात बाहेर येते, हे या आजाराचं ओळखीचं चिन्ह आहे. आमच्या घरी ते दर चार दिवसांनी दिसत होतं आणि आम्ही 'चला, पोट मोकळं झालं' म्हणत होतो.

आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बघायला 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्या वजन करतात, ताप बघतात. त्यांना शीबद्दल आपण होऊन सांगा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला गेलात की पुन्हा सांगा. एकाच वाक्यात सांगा: "जन्मल्यापासून याला लावल्याशिवाय होत नाही."

जाता जाता: बाळाला मध चाटवू नका, वर्षाच्या आत अजिबात नको. मधातल्या एका जंतूच्या विषाने अंग लुळं पाडणारा आजार होतो आणि त्याचीही सुरुवात शी अडकण्यानेच होते.

वरचं सुरू झाल्यावर

सहाव्या महिन्यात भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, वरणाचं पाणी सुरू होतं. कुठे डब्याची पावडर किंवा गाईचं दूध आधीच सुरू झालेलं असतं. शी घट्ट होऊ लागते आणि आजवर झाकलेला आजार उघडा पडतो. नेमकी याच वेळी सगळ्यांची बोटं अन्नाकडे वळतात. केळं दिलं म्हणून झालं, नाचणी उष्ण पडली, म्हशीचं दूध जड पडलं. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या पोरांस्नी बी आठ-आठ दिस हुईत न्हवतं, पाणी पाज." त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं आणि शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलांच्या बाबतीत ते बरोबरही ठरलं असतं. वरचं सुरू झाल्यावर खडा होणं अगदी सर्रास आहे. तेव्हा प्रश्न पुन्हा तोच: वरचं सुरू होण्याआधी शी आपोआप होत होती का? होत असेल तर अन्नात बदल करून बघायला हरकत नाही. होत नसेल तर अन्नाला दोष देण्यात महिने घालवू नका.

आता पोटाबरोबर अंगाकडे बघा. पोट मोठं आणि हातपाय काटक्यासारखे हे या वयातलं बोलकं चित्र. माझ्याकडे मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो आहे. नव्या सदऱ्याची वरची तीन बटणं लागलीत, खालची दोन लागत नाहीत म्हणून मी त्याला टेकून धरलंय. खाली चड्डीतून आलेले पाय माझ्या मनगटाएवढे. त्या दिवशी घरी आलेली पाहुणी म्हणाली, "पोट कसं गणपतीवानी हाय." मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं. पोटावर निळ्या शिरा उमटलेल्या होत्या, त्या फोटोत दिसत नाहीत पण मला आठवतात.

माता व बाल संरक्षण कार्डात वाढीचा तक्ता असतो. अंगणवाडीत वजन केलं की त्यात ठिपका पडतो. तो तक्ता उघडून ठिपक्यांची रेघ बघा. वर जाणारी रेघ सपाट झाली आणि सोबत पोट फुगलेलं असेल, तर 'खात नाही' एवढ्यावर थांबू नका. पोट भरलेलं असताना ते खाणार कुठे?

शीचा आकारही बघा. बारीक, चपटी, फितीसारखी किंवा शेवयासारखी शी वारंवार होणं हे आवळलेल्या भागाचं लक्षण असू शकतं.

हगवण लागली तर: हे नीट वाचा

या आजारात जीव जातो तो बहुतेक वेळा शी अडकल्याने नाही, तर उलट जुलाबाने. तुंबलेल्या आतड्यात जंतू माजतात आणि आतड्याला सूज येते. याला एन्टेरोकोलायटिस म्हणतात. ताप येतो, पोट फुगून टणक होतं, पाण्यासारखी अत्यंत घाण वासाची शी जोरात येते, कधी रक्त पडतं, हिरवी उलटी होते आणि मूल मलूल पडतं. काही तासांत परिस्थिती हाताबाहेर जाऊ शकते.

आपल्याकडे जून ते सप्टेंबरात घराघरांत हगवण असते. नदीला पूर येऊन गेला की विचारायलाच नको. त्या गर्दीत हे मूल 'आणखी एक जुलाबाचा पेशंट' ठरतं. फरक पोटात आहे. साध्या जुलाबात पोट खपाटीला जातं, यात जुलाब होऊनही पोट फुगलेलंच राहतं किंवा आणखी फुगतं. ज्या मुलाला नेहमी खडा व्हायचा त्याला एकाएकी जुलाब लागले, ताप आला आणि पोट टणक झालं, तर ओआरएस पाजत घरी थांबू नका. जुलाब थांबवणारी गोळी तर मुळीच देऊ नका, तिने आतडं आणखी तुंबतं. थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि केसपेपर काढतानाच सांगा, "याला जन्मापासून शी अडकते."

गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या बाजूला राहत असाल तर पावसाळ्यात हे आणखी लवकर ठरवा. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं की कोल्हापूरची वाट बंद होते आणि रात्र तिथेच काढावी लागते. 'सकाळपर्यंत बघू' हे उन्हाळ्यातलं वाक्य आहे. चंदगडकरांना बेळगाव जवळ पडतं, त्यांनी सरळ तिकडे जावं.

दोन ते पाच वर्षं: सवयीचा खडा की जन्माचा आजार

या वयात खडा धरणाऱ्या मुलांतली बहुसंख्य मुलं सवयीच्या बद्धकोष्ठाची असतात. एकदा कडक शी होताना दुखलं, पोर घाबरलं आणि धरून ठेवू लागलं. हे मूल दाराच्या मागे जाऊन उभं राहतं, पाय एकमेकांवर दाबतं, टाचा उचलतं, लाल होतं. आईला वाटतं ते जोर करतंय, खरं तर ते अडवत असतं. चार-सहा दिवसांनी होते ती मोठ्या माणसाएवढी जाड, आणि मधल्या दिवसांत चड्डीला डाग पडत राहतात. तपासलं तर गुदाशय शीने भरलेला लागतो. आणि मुख्य म्हणजे, पहिल्या वर्षभरात त्याला काही त्रास नव्हता.

जन्माच्या आजारात सहसा हे अडवून धरण्याचं नाटक दिसत नाही. चड्डीला डागही फारसे नसतात. पोट मात्र गच्च असतं आणि गुदाशय रिकामा लागतो. औषध चालू असलं तरी फरक तात्पुरता. अर्थात एकाच खुणेवर निकाल लावू नका. थायरॉईड कमी असणं, पाठीच्या कण्यातला दोष, गाईच्या दुधाची ॲलर्जी, यांनीही शी अडकते आणि डॉक्टर ते तपासतात.

काही मुलांच्या बाबतीत सुरुवातीपासूनच कान टवकारून ठेवायला हवेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांत हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. त्यांच्यात थायरॉईडचाही त्रास असतो म्हणून खड्याचं खापर त्यावर फुटतं. दोन्ही तपासा. भावंडाला हा आजार असेल तर पुढच्या बाळाच्या पहिल्या दोन दिवसांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. घराण्यात कपाळावर पांढऱ्या केसांची बट, फिकट निळे डोळे आणि जन्मतः बहिरेपण असं एकत्र दिसत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्याचा आणि या आतड्याचा संबंध असू शकतो.

आणखी एक गट माझ्या मनात कायम असतो. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांत, बाळं जन्मतात, पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की सगळं कुटुंब गावी जातं. जन्माची नोंद एका जिल्ह्यात, लस दुसऱ्या, आजारपण तिसऱ्या. अशा आईच्या हातात बाळाची एक वही असणं हाच तिचा दवाखाना. कारखान्यावर कुणाची ओळख असेल तर एवढं तरी करा, तिला वही द्या आणि पहिल्या शीची वेळ तिच्यासमोर लिहा.

शाळकरी मुलं आणि मोठी माणसं

आवळलेला भाग फार छोटा असेल तर माणूस चूर्ण, गोळ्या आणि एनिमावर वर्षानुवर्षं काढतो. शाळेत पोट फुगलेलं म्हणून चिडवतात, पोर सहलीला जात नाही, पंगतीत कमी वाढून घेतं. रक्त कमी असतं, उंची कमी राहते. मोठेपणी पोट एकाएकी गच्च होऊन आतड्याला पीळ पडल्यावरच आजार कळल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात आहेत. तुमचं वय तीस असलं आणि 'मला आठवतंय तेव्हापासून औषधाशिवाय होतच नाही' असं असेल, तर आईला विचारा तुमचं तान्हेपण कसं होतं. मग पोटविकारतज्ज्ञांना तेच सांगा. आणि तपासणी होईपर्यंत इसबगोल, कोंडा यांचा मारा वाढवत नेऊ नका. पुढची वाट आवळलेली असताना मागून ओझं वाढवून उपयोग नसतो.

घरी काय करू नये

विड्याचा देठ, साबणाची कांडी, एरंडेल, गुटी यात मायाच आहे हे मला माहीत आहे. माझ्या आजीने ते मायेनेच केलं. पण त्याने दोन गोष्टी होतात. नाजूक जागी जखम होते, आणि त्याहून वाईट म्हणजे शी होऊन गेल्याने आजार लपतो. साध्या पाण्याचा एनिमा लहान मुलाला घरी देऊ नका. फुगलेलं आतडं ते पाणी शोषून घेतं आणि रक्तातले क्षार धोकादायक पातळीवर उतरतात. मेडिकलमधून फॉस्फेटचा एनिमा आणून तान्ह्या बाळाला देणंही तितकंच घातक आहे. दवाखान्यात आतडं धुतात ते सलाईनने, वजनाप्रमाणे मापून, आणि आत गेलेलं बाहेर येतंय का ते बघत.

वही आणि दवाखाना

दवाखान्यात जाण्याआधी सात दिवसांची नोंद करा. मी ज्या आयांसोबत बसते त्यांना हेच सांगते:

1. शी झाली ती तारीख, वेळ, आपोआप की लावून.
2. जाडी आणि घट्टपणा तुमच्या शब्दांत: करंगळीएवढी, शेवयासारखी, हरभऱ्यासारखे खडे, पातळ पिचकारी. मोबाइलवर फोटो काढा, लाजू नका.
3. रोज सकाळी दूध पाजण्याआधी बेंबीवरून टेपने पोटाचा घेर.
4. उलटी, तिचा रंग.
5. आजवर दिलेली सगळी औषधं, घरगुतीसुद्धा. लपवू नका, डॉक्टर रागावले तरी चालतील.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: पूर्ण दिवसांचं की आधीचं, जन्माचं वजन, पहिली शी किती तासांनी. माहेरी बाळंतपण झालं असेल तर माहेरी फोन करून आईला, काकूला विचारा. त्यांना आठवतं.

गावातून आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून चिठ्ठी घेऊन कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात बालरोग विभागाकडे, किंवा खासगी बालरोगतज्ज्ञांकडे. पण शेवटी गाठायचे ते बालशल्यचिकित्सक, लहान मुलांची शस्त्रक्रिया करणारे. मोठ्यांचे सर्जन वेगळे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, त्यांच्याकडूनही वर पाठवण्याची चिठ्ठी मिळते. खर्चाचं दडपण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला आजाराचं नाव सांगून विचारा. बाळाचं नाव रेशनकार्डात अजून नसेल तर काय कागद लागतील तेही त्याच दिवशी विचारून घ्या, ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर नको.

तपासण्या कशा होतात

साध्या एक्स-रेत फुगलेली आतडी दिसतात. मग गुदद्वारातून औषध सोडून एक्स-रे काढतात. बारीक भाग कुठे संपतो आणि फुगलेला कुठे सुरू होतो ते त्यात दिसतं. या तपासणीच्या आधी पोट साफ करायचं नसतं, नाहीतर तो फरकच पुसला जातो. 'रिकाम्या पोटी, एनिमा देऊन या' असं कुणी सांगितलं तर पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून पुन्हा विचारा. पहिल्या काही आठवड्यांत हा फोटो आजार असूनही नॉर्मल येऊ शकतो, अख्खं मोठं आतडं आजारी असेल तरीही फसवू शकतो.

निकाल लागतो तो बायोप्सीवर. गुदाशयाच्या आतल्या भिंतीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. तान्ह्या बाळात तो ओढून घेणाऱ्या यंत्राने, बहुधा भूल न देता काढतात. त्या जागी दुखण्याची जाणीव नसते. मोठ्या मुलांना भूल द्यावी लागते. रिपोर्ट आला की दोन गोष्टी विचारा: नमुना पुरेसा होता का, आणि गँग्लिऑन पेशी दिसल्या की नाही. नमुना अपुरा असेल तर पुन्हा घ्यावा लागतो. ते ऐकून माझा धीर सुटला होता, पण अपुऱ्या नमुन्यावर ऑपरेशन ठरवण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

ऑपरेशन आणि त्यानंतर

पेशी नसलेला भाग काढून चांगलं आतडं खाली ओढून गुदद्वाराच्या लगत जोडतात. बऱ्याच बाळांत हे एकाच वेळी होतं. आतडं फार फुगलेलं असेल किंवा सूज असेल तर आधी पोटावर शीची वाट काढतात आणि काही महिन्यांनी जोडतात. माझ्या मुलाला पाच महिने पोटावर पिशवी होती. पिशवी लावायच्या पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. आठव्या दिवशी मी ती अंधारात बदलत होते.

जोडल्यावर सुरुवातीला दिवसातून आठ-दहा वेळा शी होते आणि बुड सोलपटून निघतं. दर वेळी कोमट पाण्याने धुऊन, न घासता टिपून, झिंकचं मलम जाडसर थापावं. काही महिन्यांत शीची संख्या उतरते. काही मुलांना नंतरही खडा होतो, काहींना डाग पडतात. जेवणानंतर दहा मिनिटं बसवण्याची सवय आणि डॉक्टरांची नियमित भेट यांनी बरंच सावरतं.

पण वर सांगितलेली ती सूज, एन्टेरोकोलायटिस, ऑपरेशननंतरही येऊ शकते, पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त. म्हणून सर्जनकडून एका कागदावर लिहून घ्या: आजाराचं नाव, कोणतं ऑपरेशन, कधी, आणि 'ताप, पोटफुगी, जुलाब एकत्र दिसल्यास ताबडतोब भरती करून सलाईनने आतडं धुवावं'. त्याच्या तीन प्रती काढा. एक घरात, एक शाळेत वर्गशिक्षकांकडे, एक मुलाच्या आजोळी. आमच्या आजोळच्या प्रतीचा एकदा उपयोग झाला, मुलगा पाच वर्षांचा असताना, ऐन श्रावणात. रात्री दोनला माझ्या आईने तो कागद ड्यूटीवरच्या डॉक्टरांपुढे धरला, आणि सलाईन लागलं तेव्हा मी अजून कागलहून निघालेही नव्हते.